विश्लेषण : वाइनच्या मुलुखात पहिली ग्रुप टूर नेणारे थॉमस कुक दारूचे कट्टर विरोधक कसे होते?

जिनिव्हा, इंटरलाकेन, लुसर्न, माउंट रिगी... युरोप टूरच्या जाहिराती पाहणाऱ्या मराठी पर्यटकाला ही नावे आता महाबळेश्वर-पाचगणीइतकी ओळखीची झाली आहेत. बर्फाच्छादित शिखरासमोर पोहे-उपमा देणाऱ्या टूर कंपन्याही आपल्याकडे आहेत. मात्र तळी, डोंगर आणि द्राक्षमळे एकाच तिकिटात बांधून विकण्याचा हा प्रकार १६० वर्षांहून अधिक जुना आहे. १८६३ च्या जून महिन्यात लंडनहून निघालेल्या एका गटाने तो रूढ केला. त्या गटाचे नेतृत्व करणारे थॉमस कुक हे मुळात व्यापारी नव्हते. ते सुतार होते, धर्मप्रचारक होते आणि लोकांनी दारू सोडावी म्हणून झटणारे कार्यकर्ते होते. पर्यटन व्यवसायात ते आले तेही दारूमुळेच. आणि या व्यवसायातून त्यांना बाहेर पडावे लागले ते पोटच्या मुलामुळे.

थॉमस कुक कोण होते?

कुक यांचा जन्म २२ नोव्हेंबर १८०८ रोजी इंग्लंडमधील डर्बीशायर परगण्यातल्या मेलबर्न गावी झाला. (ऑस्ट्रेलियातले मेलबर्न वेगळे, तेव्हा ते वसलेलेही नव्हते.) वडील लहानपणीच वारले. दहाव्या वर्षी शाळा सुटली आणि थॉमस एका माळ्याच्या हाताखाली दिवसाला एक पेनी मजुरीवर कामाला लागले. चौदाव्या वर्षी काकांकडे सुतारकाम शिकायला गेले.

घरचे वातावरण बाप्टिस्ट पंथाचे, धार्मिक. विशीत असताना कुक गावोगावी फिरून प्रवचने देणारे प्रचारक झाले. पगार वर्षाला ३६ पौंड. १८२९ या एका वर्षात त्यांनी २,६९२ मैल प्रवास केला आणि त्यातले २,१०६ मैल ते चालले, अशी नोंद आहे. पुढे जगाला आगगाडीत बसवणारा हा माणूस तरुणपणी पायीच फिरत होता.

१८३३ मध्ये मेरियन मेसन यांच्याशी त्यांचे लग्न झाले. त्याच वर्षी त्यांनी मद्यपान सोडण्याची शपथ घेतली. तेव्हाच्या इंग्लंडमध्ये दारू हा कामगार वस्त्यांचा रोजचा प्रश्न होता. आठवडाभर कारखान्यात राबायचे, शनिवारी मजुरी हातात पडली की ती गुत्त्यात घालवायची आणि घरी मुलाबाळांनी उपाशी राहायचे. आपल्याकडच्या दारूबंदी चळवळीतल्या बायकांना हे चित्र नवीन वाटणार नाही. कुक यांचे म्हणणे साधे होते. माणसाला दारू सोड म्हणायचे, तर सुट्टीच्या दिवशी दुसरे काय करायचे तेही सांगायला हवे.

पहिली सहल कुठे गेली?

जून १८४१ मध्ये कुक एका मद्यपानविरोधी सभेसाठी मार्केट हार्बरोहून लेस्टरला निघाले होते. अंतर सुमारे १५ मैल, अर्थातच पायी. त्या भागात रेल्वे नुकतीच आली होती. चालता चालता त्यांच्या मनात आले, की या रेल्वेचा उपयोग चळवळीसाठी करता येईल. सभेत त्यांनी प्रस्ताव मांडला आणि मिडलँड काउंटीज रेल्वेकडून खास गाडी मिळवली.

५ जुलै १८४१ रोजी ही गाडी लेस्टरहून लफबरोला गेली. अंतर अकरा-बारा मैल, परतीच्या प्रवासासह तिकीट एक शिलिंग आणि प्रवासी सुमारे ५००. बहुतेकांना छप्पर नसलेल्या उघड्या डब्यांत उभे राहावे लागले. सोबत बँड होता. पोहोचल्यावर बागेत खेळ, चहा आणि दारूविरोधी भाषणे झाली.

जगातली पहिली रेल्वे सहल हीच, असे अनेक ठिकाणी लिहिलेले आढळते. ते बरोबर नाही. कामगारांसाठीच्या शिक्षणसंस्थांनी १८४० मध्येच लेस्टर आणि नॉटिंगहॅमदरम्यान अशा गाड्या काढल्या होत्या. कुक यांचे वेगळेपण पहिल्या गाडीत नव्हते. ते थांबले नाहीत, यात होते.

पहिल्याच मोठ्या टूरनंतर दिवाळे का निघाले?

सुरुवातीची काही वर्षे या सहली चळवळीसाठीच होत्या. कुक लेस्टरला राहायला आले, छपाईचा व्यवसाय करू लागले. नफ्यासाठीची पहिली सहल निघाली ४ ऑगस्ट १८४५ रोजी, लिव्हरपूलला. त्याआधी कुक स्वतः तो मार्ग फिरून आले, राहण्याची ठिकाणे तपासली आणि प्रवाशांसाठी माहितीपुस्तिका छापली. मार्गाची आधी पाहणी, मग छापील कार्यक्रम, मग विक्री. टूर कंपन्यांचा हा क्रम आजही तोच आहे.

१८४६ मध्ये त्यांनी साडेतीनशे जणांना स्कॉटलंडला नेले आणि तिथे गणित चुकले. गाडीत शौचालये नव्हती. वाटेत प्रेस्टनला मिळणार असलेला चहा मिळालाच नाही. पुढच्या आगबोटीत सगळ्यांना पुरेशा केबिन नव्हत्या, त्यात समुद्र खवळला आणि अनेकांनी रात्र डेकवर भिजत काढली. ग्लासगोमध्ये बँड वाजवून स्वागत झाले, पण नाराजी जायची ती गेली नाही. त्याच वर्षी कुक यांचे दिवाळे निघाले.

आणखी कोणी असता तर पुन्हा छापखान्याकडे वळला असता. कुक दुसऱ्या वर्षीच पुन्हा स्कॉटलंडच्या सहलींमागे लागले. १८५१ च्या लंडनमधील भव्य औद्योगिक प्रदर्शनाने त्यांना पूर्ण सावरले. सहा महिन्यांत त्यांनी सुमारे दीड लाख लोकांना तिथे नेले. गिरणी कामगारांना एकरकमी पैसे जमत नसत, म्हणून दर आठवड्याला थोडे थोडे पैसे भरण्याचे क्लब निघाले. आपल्या भिशीसारखेच. रेल्वे कंपन्यांच्या आपसातील स्पर्धेमुळे १५ शिलिंगचे तिकीट ५ शिलिंगवर आले, त्याचाही फायदा झाला. जॉन हा त्यांचा १७ वर्षांचा मुलगा या काळात वडिलांच्या हाताखाली राबत होता. त्याचे नाव पुढे पुन्हा येणार आहे.

स्वित्झर्लंडच का?

युरोपात जाण्याचा पहिला प्रयत्न १८५५ मधला. इंग्लिश खाडी ओलांडणाऱ्या बहुतेक कंपन्यांनी सवलत नाकारली, म्हणून कुक यांनी हार्विच ते अँटवर्प असा मार्ग धरला. ब्रुसेल्स, कोलोन, तिथून ऱ्हाइन नदीचे खोरे, हायडलबर्ग, बाडन-बाडन, स्ट्रासबुर्ग आणि शेवटी पॅरिस. ऱ्हाइनच्या दोन्ही काठांवर उतरत्या डोंगरांवरचे द्राक्षमळे आणि माथ्यावरचे पडके किल्ले, हा युरोपातला सर्वांत देखण्या वाइन मुलुखांपैकी एक. टूर सुंदर झाली. पैसे मात्र बुडाले.

मग कुक पुन्हा स्कॉटलंडवर विसंबले. तिथे ते दरवर्षी हजारो पर्यटक नेत. १८६२ मध्ये स्कॉटिश रेल्वे कंपन्यांनी त्यांना सवलतीची तिकिटे देणेच बंद केले. मध्यस्थाने तयार केलेला धंदा थेट आपल्याच हाती घ्यावा, हा त्यामागचा हिशेब. कुक यांचा मुख्य आधार एका फटक्यात गेला. स्वित्झर्लंड हा त्यांचा हौसेचा निर्णय नव्हता, नाइलाज होता.

१८६३ च्या टूरमध्ये नेमके काय घडले?

२६ जून १८६३ रोजी लंडन ब्रिज स्थानकावरून गट निघाला. न्यूहेवनहून बोटीने फ्रान्समधील दिएप, तिथून पॅरिस. सुरुवातीला शंभराहून अधिक जण होते, त्यातले साठेक जण पुढे जिनिव्हाला गेले. कुक स्वतः सोबत होते, पण शेवटपर्यंत नव्हते. पुढचा प्रवास छोट्या गटांनी तिकिटांच्या आणि छापील माहितीच्या भरवशावर केला.

या टूरचे तपशील आज कळतात ते जेमायमा मॉरेल या ३१ वर्षांच्या महिलेमुळे. यॉर्कशायरच्या सेल्बी गावच्या जेमायमा भाऊ आणि मित्रमैत्रिणींबरोबर आल्या होत्या. या टोळीने स्वतःला गमतीने अल्पाइन क्लबचे नाव घेतले होते आणि क्लबची रोजनिशी लिहिण्याचे काम जेमायमांकडे होते. ही रोजनिशी पुढे हरवली. दुसऱ्या महायुद्धानंतर लंडनमधल्या बॉम्बने पडलेल्या इमारतीच्या ढिगाऱ्यात ती सापडली आणि १९६३ मध्ये, टूरच्या शताब्दीला, पुस्तकरूपाने छापली गेली.

त्यांचा मार्ग आजच्या पर्यटकाने नकाशावर बोट ठेवून पाहावा असा आहे. जिनिव्हा सरोवरावरून माँ ब्लांच्या पायथ्याचे शामोनी. तिथे मेर द ग्लास या हिमनदीवर, हातात लोखंडी टोकाच्या काठ्या घेऊन आणि अंगात घोळदार झगे घालून महिला चालल्या. मग मार्तिन्यी आणि ऱ्होन नदीच्या खोऱ्यातून रेल्वेने सिऑन. हा सगळा टापू द्राक्षमळ्यांचा. उतारावर दगडी बांध घालून केलेली शेती, आपल्या डोंगरउतारावरच्या भाताच्या खाचरांसारखी, फक्त भाताच्या जागी वेली.

तिथून लॉयकरबाडचे गरम पाण्याचे झरे आणि समोर सरळ उभा कडा. त्या कड्यात खोदलेल्या नागमोडी वाटेने गेमी खिंड चढायची आणि पलीकडे कांडरश्टेगला उतरायचे. पुढे थूनचे तळे, इंटरलाकेन, लाउटरब्रुनेन, ग्रिंडेलवाल्ड, ब्रिएन्झ तळ्याकाठचा गीसबाख धबधबा, ब्रूनिग खिंड आणि लुसर्न. रिगी पर्वतावर सूर्योदय पाहण्यासाठी पहाटे उठून थंडीत कुडकुडत उभे राहणे हा तेव्हाही कार्यक्रमाचा भाग होता. परतीच्या वाटेवर नॉशातेलचे तळे आणि पुन्हा द्राक्षमळे.

युंगफ्राउयोखची रेल्वे १९१२ ची, रिगीची १८७१ ची. म्हणजे यातले काहीच तेव्हा नव्हते. मॅटरहॉर्न शिखरावर तर १८६३ पर्यंत एकही माणूस पोहोचला नव्हता. पहाटे चार-पाचला उठायचे आणि दिवसभर चालायचे किंवा खेचरावर बसायचे, असा हा 'कम्फर्ट' होता.

जेमायमा यांचा तीन आठवड्यांचा एकूण खर्च १९ पौंड, १७ शिलिंग, ६ पेन्स आला. ही रक्कम नीट पाहायला हवी. प्रचारक असताना कुक यांना वर्षभर राबून ३६ पौंड मिळत. म्हणजे लफबरोच्या उघड्या डब्यातून गेलेल्या कामगाराला स्वित्झर्लंड परवडणारे नव्हतेच. या टूरवर शिक्षक, डॉक्टर, पाद्री, कारकून, छोटे व्यावसायिक आले. ज्यांच्यासाठी हे सगळे सुरू झाले होते तो वर्ग युरोपच्या वाटेवर मागे राहिला. कुक यांच्या गौरवकथांमध्ये ही गोष्ट बहुधा वगळली जाते.

दुसऱ्या बाजूने पाहिले तर या टूरने एक वेगळेच दार उघडले. घरातला पुरुष सोबत नसताना परदेशी जाणे ही तेव्हाच्या इंग्लिश मध्यमवर्गीय स्त्रीसाठी जवळपास अशक्य गोष्ट होती. कुक यांचा गट म्हणजे सोबत, सुरक्षितता आणि घरच्यांची परवानगी, तिन्ही एकदम. अविवाहित महिलांनी या टूर मोठ्या संख्येने घेतल्या.

मग दारूविरोधाचे काय झाले?

कुक शेवटपर्यंत मद्याला शिवले नाहीत. मेरियन यांनी लेस्टरमध्ये आणि पुढे लंडनमध्ये चालवलेल्या निवासगृहांत दारू मिळत नसे. मात्र टूरचे तिकीट घेणाऱ्यावर शपथेची सक्ती नव्हती. फ्रान्स, इटली आणि ऱ्हाइनकाठी जेवणाच्या टेबलावर वाइन पाण्यासारखी येते. तिथे सक्ती केली असती तर धंदा एका हंगामात बसला असता. तेव्हा कुक यांनी तडजोड केली, असे म्हणता येईल. पण कुक यांच्या नजरेत तसे नव्हते. बंद वस्तीतून बाहेर काढून माणसाला डोंगर दाखवला की त्याची दारूची गरज कमी होते, यावर त्यांचा विश्वास होता.

उच्चभ्रूंना मात्र या डोंगर दाखवण्याचाच राग होता. आल्प्स आणि इटली ही आजवर सरदारपुत्रांची मिरासदारी. तिथे अचानक दुकानदार आणि शिक्षिका दिसू लागल्या. इटलीत ब्रिटनचे उपवाणिज्यदूत असलेले लेखक चार्ल्स लिव्हर यांनी १८६५ मध्ये टोपणनावाने कुक यांच्या पर्यटकांची मेंढरांच्या कळपाशी तुलना करणारा लेख लिहिला. कुक यांच्या गटांतून ब्रिटिश सरकार गुन्हेगारांना गुपचूप इटलीत सोडत आहे, अशी अफवाही आपणच पसरवल्याचे त्यांनी सांगून टाकले. कुक यांनी परराष्ट्रमंत्र्यांकडे दाद मागितली. उपयोग झाला नाही. मग त्यांनी आपल्याच पत्रकातून उत्तर दिले, की प्रवास ही कोणाच्या बापजाद्यांची मालमत्ता नाही, अशा आशयाचे.

पॅकेज टूरची 'सिस्टिम' काय होती?

कुक यांच्याआधी युरोपात फिरणाऱ्याला प्रत्येक टप्प्यावर वेगळ्या रेल्वे कंपनीचे वेगळे तिकीट, वेगळे चलन आणि हॉटेलवाल्याशी वेगळी घासाघीस करावी लागे. कुक यांनी या कंपन्यांकडून मोठ्या संख्येने तिकिटांची हमी देऊन सवलत घेतली आणि ती सगळी तिकिटे एका पुस्तिकेत बांधली. १८६८ पासून हॉटेलची कूपन आली. प्रवासी पैसे लंडनमध्येच भरत असे आणि परदेशातील हॉटेलात खोली, नाश्ता, जेवण यांच्या बदल्यात कूपन फाडून देत असे. हॉटेलमालक ते कूपन कुक यांच्याकडे पाठवून पैसे घेई. १८७४ मध्ये 'सर्क्युलर नोट' आली. ठरलेल्या हॉटेलांत आणि बँकांत ती दाखवून स्थानिक चलन मिळे. पुढच्या काळातल्या ट्रॅव्हलर्स चेकचे हे आधीचे रूप.

थोडक्यात, कुक यांच्याकडे ना रेल्वे होती, ना आल्प्समध्ये हॉटेल. ते विकत होते जोडणी. ओला-उबर किंवा हॉटेल बुकिंग अॅप वापरणाऱ्या पिढीला हे वेगळे समजावून सांगण्याची गरज नाही.

मुंबईशी काय संबंध?

सप्टेंबर १८७२ मध्ये, वयाच्या ६३ व्या वर्षी कुक लहानसा गट घेऊन जगप्रदक्षिणेला निघाले. अमेरिका, जपान, चीन, सिंगापूर, सिलोन आणि भारत. प्रवासाला २२२ दिवस लागले. भारतात ते कलकत्त्याहून बनारस, आग्रा, दिल्ली करत रेल्वेने मुंबईला आले आणि इथून सुएझकडे जाणारी बोट पकडली. कलकत्ता-मुंबई हा सलग रेल्वेमार्ग जबलपूरला जोडला गेला होता तो १८७० मध्ये, म्हणजे जेमतेम तीन वर्षांपूर्वी. भुसावळ, नाशिक आणि कसारा घाटावरून ही गाडी येई. आज देशाची वाइन राजधानी म्हणून मिरवणाऱ्या नाशिकवरून दारूचा हा कट्टर विरोधक गेला, तेव्हा तिथे वायनरी नव्हत्या, हे त्यांचे नशीबच.

कंपनीचे मुंबईतील कार्यालय १८८१ मध्ये सुरू झाले. १८८० च्या दशकात ब्रिटिश सरकारने भारतातील हज यात्रेकरूंच्या वाहतुकीचे कामही काही वर्षे याच कंपनीकडे सोपवले होते.

वडील आणि मुलगा का दुरावले?

थॉमस जगप्रदक्षिणेवर असताना लंडनचा कारभार जॉन मेसन कुक पाहत होते. कंपनीचे नाव तोपर्यंत 'थॉमस कुक अँड सन' झाले होते. जॉन शिस्तीचे, आकड्यांचे पक्के आणि कष्टाळू होते. वडिलांचे दिवाळे निघाले तेव्हा ते १२ वर्षांचे होते, हे विसरून चालणार नाही. वडील नफ्यातून मिशनला, धर्मकार्याला पैसे देत, पाद्र्यांना सवलती देत, हिशेबाबाहेरची आश्वासने देत. धंदा आणि धर्म यांची सरमिसळ नको, हे जॉन यांचे ठाम मत. थॉमस यांच्यासाठी या दोन गोष्टी कधी वेगळ्या नव्हत्याच.

दोघांत कोण बरोबर? कंपनी जगभर पसरली, नाइलवर स्वतःच्या आगबोटी आल्या, १८८४ मध्ये सुदानच्या मोहिमेसाठी १८ हजार ब्रिटिश सैनिकांची वाहतूक कंपनीने केली. हे सगळे जॉन यांचे काम. पण जॉन यांना जी गाडी चालवायला मिळाली ती वडिलांनी एक शिलिंगच्या तिकिटावर उभी केली होती. १८७८ च्या सुमारास थॉमस ठरावीक वार्षिक रक्कम घेऊन कारभारातून बाहेर पडले आणि लेस्टरमधल्या 'थॉर्नक्रॉफ्ट' या घरी राहू लागले.

तिथे त्यांची अविवाहित मुलगी अॅनी सोबत होती. नोव्हेंबर १८८० मध्ये तिचा न्हाणीघरात मृत्यू झाला. पाणी तापवण्याच्या नव्या गॅस यंत्रातून निघालेला वायू कारणीभूत ठरला. (बंद बाथरूममधील गॅस गीझरने होणाऱ्या मृत्यूंच्या बातम्या महाराष्ट्रात आजही दर हिवाळ्यात येतात.) चार वर्षांनी मेरियन गेल्या. थॉमस यांची दृष्टीही हळूहळू गेली. १८९१ मध्ये कंपनीने सुवर्णमहोत्सव थाटात साजरा केला, त्या समारंभाला संस्थापक हजर नव्हते. त्याच सुमारास ते जन्मगावी मेलबर्नमध्ये आपल्या पंथातल्या गरिबांसाठी १४ घरे बांधून घेत होते. १८ जुलै १८९२ रोजी त्यांचे निधन झाले. लेस्टरच्या वेलफर्ड रोड दफनभूमीत त्यांची कबर आहे.

कंपनीचे पुढे काय झाले?

जॉन १८९९ मध्ये वारले. त्यांच्या मुलांनी १९२८ मध्ये कंपनी विकली आणि कुक घराण्याचा संबंध संपला. मालक बदलत गेले, कर्ज वाढत गेले आणि २३ सप्टेंबर २०१९ रोजी ब्रिटिश थॉमस कुक कंपनी एका रात्रीत बंद पडली. तेव्हा परदेशात अडकलेल्या सुमारे दीड लाख ब्रिटिश पर्यटकांना परत आणण्यासाठी तिथल्या सरकारने मोहीम राबवली. मोहिमेला नाव दिले होते 'ऑपरेशन मॅटरहॉर्न'.

भारतातील थॉमस कुक कंपनी २०१२ पासूनच वेगळ्या मालकीची होती. ब्रिटिश कंपनी बुडाल्याच्या बातमीनंतर आपला तिच्याशी संबंध नाही, हे तिला ग्राहकांना जाहीरपणे सांगावे लागले. मुंबईतून तिचे काम आजही सुरू आहे आणि तिच्या युरोप टूरमध्ये लुसर्न आहेच.